पाण्याचा पुरावा कोणी द्यायचा?

१९८६च्या जुलैमध्ये बॉस्टनच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश वॉल्टर स्किनर यांनी ज्यूरीच्या हाती एक लेखी प्रश्नावली दिली. वूबर्न या गावाच्या दोन सार्वजनिक विहिरींत सापडलेली रसायनं डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीच्या आवारातून आली का, हा त्यातला एक प्रश्न. त्याच्या पाठोपाठ दुसरा: कंपनीच्या निष्काळजीपणामुळे विहिरी दूषित व्हायला कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात सुरुवात झाली? ज्यूरीत बसलेली माणसं साधी नागरिक होती. मार्चपासून ती तज्ज्ञांच्या परस्परविरोधी साक्षी ऐकत होती. बरेच दिवस खल करून त्यांनी उत्तर लिहिलं: सप्टेंबर १९७३.

खटला भरणाऱ्या कुटुंबांत पुढे असलेल्या ॲन अँडरसन यांच्या मुलाला ल्युकेमिया असल्याचं निदान जानेवारी १९७२मध्ये झालं होतं. म्हणजे कंपनी दोषी ठरली खरी, पण कागदोपत्री तिचा दोष त्या मुलाच्या आजारपणानंतर सुरू झाला. निकाल टिकलाही नाही. त्याच सप्टेंबरात ग्रेसने आठ कुटुंबांशी ८० लाख डॉलरवर तडजोड केली. जोनाथन हार यांच्या पुस्तकामुळे आणि त्यावरच्या जॉन ट्रॅव्होल्टाच्या सिनेमामुळे हा खटला जगभर माहीत झाला. लोकांच्या लक्षात राहिला तो कुटुंबांचा जिद्दी वकील आणि त्याचं दिवाळं. मला मात्र त्या प्रश्नावलीतला महिना आणि वर्ष विचारणारा रकाना जास्त महत्त्वाचा वाटतो.

सप्टेंबर १९७३ हे उत्तर चूक की बरोबर, याला अर्थ नाही. जमिनीखाली काय चाललंय याची त्या काळात कोणी नोंदच ठेवली नव्हती, तेव्हा महिना सांगणार कुठून? भूजल-प्रदूषणाच्या तपासात आपण तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळतो. तिन्हींना सर्वांत अवघड प्रश्नाची कसोटी लावतो. आणि शेवटी पुराव्याचं ओझं अशा माणसाच्या डोक्यावर ठेवतो, ज्याच्याकडे पुरावा असूच शकत नाही: नळाचं पाणी पिणाऱ्याच्या.

आधी ही रसायनं कशी आहेत ते पाहू. ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, हे धातूच्या सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस उतरवायला विसाव्या शतकात सर्रास वापरलं गेलेलं द्रावक. त्याचं भावंड पर्क्लोरोइथिलीन, म्हणजे पीसीई, हे ड्रायक्लीनिंगच्या दुकानातलं. दोन्ही पाण्याहून जड. टीसीईचं एक लिटर साधारण १.४६ किलो भरतं. रॉकेल किंवा पेट्रोल जमिनीत मुरलं की भूजलाच्या वर तरंगतं. ही द्रावकं पाण्यातून खाली बुडतात, वाळूतून वाट काढत मातीच्या किंवा खडकाच्या थरावर जाऊन साचतात आणि तिथून दशकानुदशकं थोडी थोडी विरघळत राहतात. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत, पण जी मर्यादा पाळायची तीच इतकी बारीक आहे की तेवढं विरघळणंही पुरेसं होतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची कमाल मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब करून पाहा: सांडलेलं एक लिटर टीसीई २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत आणू शकतं. मर्यादेच्या कैकपट टीसीई असलेलं पाणीही दिसायला नितळ असतं, आणि त्याला जाणवेल असा वास येत नाही. पाणी उकळलं तर टीसीई उडून जाईल खरं, पण ते घरातल्या हवेतच उडणार. गरम पाण्याने आंघोळ करणाऱ्याच्याही ते श्वासातून आत जातं.

वूबर्न हे बॉस्टनच्या उत्तरेला असलेलं, कातडी कमावण्याच्या धंद्यावर मोठं झालेलं गाव. ॲबर्जोना नदीकाठी तिथल्या नगरपालिकेने १९६४मध्ये ‘जी’ आणि १९६७मध्ये ‘एच’ अशा दोन विहिरी खणल्या. पूर्व वूबर्नमधल्या लोकांची पाण्याच्या वासाबद्दल, चवीबद्दल, रंगाबद्दल तक्रार पहिल्यापासून होती. पाणी तपासलंही जाई, पण कशासाठी? जंतूंसाठी आणि खनिजांसाठी. द्रावकांसाठी तपासणी करा, असा नियमच नव्हता. मे १९७९मध्ये विहिरींजवळच्या एका मोकळ्या जागेत कोणीतरी टाकून दिलेली १८४ पिंपं सापडली, म्हणून राज्य सरकारने विहिरींचे नमुने घेतले. ‘जी’ विहिरीत टीसीई निघालं लिटरला २६७ मायक्रोग्रॅम. २२ मे रोजी दोन्ही विहिरी बंद झाल्या. पुढे कळलं की त्या पिंपांचा आणि विहिरीतल्या टीसीईचा संबंध नव्हता. पिंपं सापडली नसती, तर लोक ते पाणी आणखी किती वर्षं प्यायले असते याचा अंदाज बांधता येत नाही. पंधरा वर्षांची तक्रार जे करू शकली नाही, ते एका भलत्याच कचऱ्याने केलं.

आता तीन प्रश्नांकडे येऊ. पाण्यात विष आहे का, हा पहिला. ते कोणाच्या आवारातून आलं, हा दुसरा. त्या विषाने अमुक माणूस आजारी पडला का, हा तिसरा.

पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा आहे आणि त्याचं उत्तर एका आठवड्यात मिळतं. नमुना मात्र नीट घ्यावा लागतो. विहिरीत साचलेलं शिळं पाणी आधी उपसून टाकायचं. मग चाळीस मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ, पाणी वर फुगून येईल इतकी भरायची आणि झाकण लावून उलटी करून पाहायची. आत हवेचा एक बुडबुडा दिसला तरी नमुना बाद, कारण द्रावक पाणी सोडून त्या बुडबुड्यात जातं आणि अहवालात आकडा खरा येत नाही. बर्फात ठेवून बाटली प्रयोगशाळेत पाठवायची. काम एवढंच. विहीर बंद करायला, पाण्याची दुसरी सोय करायला हे उत्तर पुरेसं आहे. त्यासाठी गुन्हेगार सापडायची गरज नाही, कोणाच्या आजाराचा दाखला लागत नाही.

दुसरा प्रश्न भूशास्त्राचा आणि तिथे खरा घाम निघतो. ठिकठिकाणी निरीक्षण विहिरी घ्यायच्या, प्रत्येकीतल्या पाण्याची पातळी मोजायची, उतार कोणीकडे आहे ते ठरवायचं. पण सार्वजनिक विहिरीचा पंप सुरू झाला की उतारच बदलतो. सगळीकडून पाणी पंपाकडे ओढलं जातं. वूबर्नच्या विहिरी १९७९पासून बंद होत्या, म्हणून अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने डिसेंबर १९८५पासून सलग तीस दिवस त्या पुन्हा चालवल्या आणि आजूबाजूच्या पातळ्या मोजल्या. निघालं असं, की विहिरींत येणारं जवळपास निम्मं पाणी थेट नदीचं होतं. खटल्यात या एका निष्कर्षावर रणं माजली. फिर्यादींचे तज्ज्ञ, प्रिन्स्टनचे जॉर्ज पिंडर, कारखान्यांच्या जमिनींखालून टीसीई विहिरींपर्यंत कसं आलं ते मांडत होते. बचाव पक्षाला नदी हाती लागली होती. नदीत वरून वाहत येणाऱ्या गोष्टींना अनेक मालक असतात, आणि अनेक मालक असले की कोणीच मालक नसतो.

अशा वेळी दुसऱ्या प्रश्नाची कसोटी कोणती लावायची यावर सगळं ठरतं. खटल्यातली दुसरी प्रतिवादी कंपनी, बिॲट्रिस फूड्स, हिला ज्यूरीने दोषमुक्त केलं. त्यांच्या मालकीच्या कातडी कारखान्याशी निगडित जमीन नदीच्या पलीकडे होती. पण दूषित जागांच्या सफाईसाठी केलेल्या १९८०च्या सुपरफंड कायद्याचं माप वेगळं आहे. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. तुमच्या जागेत ते रसायन आहे आणि तिथून पसरतंय, एवढं पुरे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पाच जागा उगम म्हणून ठरवल्या, ती जमीनही त्यांत होती, आणि १९९१च्या करारात सुमारे ७ कोटी डॉलरच्या सफाईचा भार उचलणाऱ्यांत कोर्टातून सुटलेली बिॲट्रिसही होती. दोन्ही निर्णय त्याच जमिनीबद्दल, त्याच विहिरींबद्दल. एकाने नुकसानभरपाईचा प्रश्न विचारला, दुसऱ्याने सफाईचा. दोघांची उत्तरं वेगळी आली यात विसंगती नाही. प्रश्न वेगळे होते.

तिसरा प्रश्न साथरोगशास्त्राचा. इथे प्रामाणिकपणे बोलायचं तर फिर्यादींच्या बाजूनेही काही कबूल करावं लागतं. मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य खात्याच्या १९८१च्या पाहणीत १९६९ ते १९७९ या काळात वूबर्नमध्ये बालकांच्या ल्युकेमियाचे १२ रुग्ण निघाले. अपेक्षा होती ५.३ची. आकडा घाबरवणारा आहे. पण अमेरिकेत हजारो गावं आहेत आणि त्यांतल्या काहींत निव्वळ योगायोगानेही असे पुंजके दिसणारच, हा संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप खोडून काढता येत नाही. नंतर हार्वर्डच्या संशोधकांनी स्वयंसेवकांकरवी गावात सुमारे पाच हजार फोन मुलाखती घेतल्या, तर टीका झाली की मुलाखती घेणारे गावातलेच, म्हणजे पक्षपाती. आरोग्य खात्याच्या १९९०च्या दशकातल्या पाठपुराव्यात गरोदरपणी आईने या विहिरींचं पाणी प्यायलं असेल, तर मुलाला ल्युकेमिया होण्याची शक्यता आठ पटींहून अधिक निघाली, आणि पाणी जितकं जास्त तितका धोका जास्त, असा कलही दिसला. पण रुग्ण इतके थोडे, की त्या आठ पटींची अनिश्चितता ०.७ पासून ९५पर्यंत पसरलेली. टीसीई माणसात कर्करोग घडवतं हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये निःसंदिग्ध ठरवलं, पण तो निर्णय प्रामुख्याने मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पुराव्यावर उभा होता. ल्युकेमियाबद्दल इतक्या ठामपणे आजही बोलता येत नाही.

मग तर्क असा लढवला जातो: तिसरं उत्तर पक्कं नाही, तर पहिल्या दोनांची एवढी घाई कशाला? उद्योगाला उगाच बदनाम का करायचं? हा तर्क वरवर शास्त्रीय वाटतो. प्रत्यक्षात तो प्रश्नांचा क्रम उलटा करतो. आजार सिद्ध होईपर्यंत पाणी तपासायचं नाही, असं मानलं की आजार सिद्ध करायला लागणारी माहितीच तयार होत नाही. वूबर्नमध्ये नेमकं तेच झालं. १९६४ ते १९७९ या पंधरा वर्षांतले टीसीईचे आकडे नाहीत, म्हणून कोणत्या आईच्या पोटात किती गेलं ते पंपांच्या जुन्या नोंदींवरून आणि पाइपांच्या जाळ्याच्या गणितावरून अंदाजानेच काढावं लागलं. अनिश्चितता निसर्गाने दिलेली नव्हती. ती न मोजण्यातून तयार झाली होती. आणि ती तयार करणाऱ्याला नंतर तिचाच फायदा मिळाला.

न मोजणं ही एक गोष्ट. मोजलेलं दडवणं ही त्याहून वाईट. पर्यावरण संस्थेने कोणती रसायनं वापरता, असं विचारलं तेव्हा ग्रेसने दिलेली माहिती खोटी होती. १९८८मध्ये कंपनीने एका आरोपाखाली गुन्हा कबूल केला आणि १० हजार डॉलर दंड भरला. बिॲट्रिसच्या बाजूचा जमिनीच्या पाहणीचा एक अहवाल फिर्यादींना मिळायला हवा होता, तो खटला संपल्यावर उजेडात आला. तरीही फेरखटला मिळाला नाही. कारखान्यात काय वापरलं, कुठे ओतलं, किती ओतलं, हे जगात एकाच पक्षाला ठाऊक असतं. त्या पक्षाला गप्प बसण्याचा अधिकार आणि समोरच्या आईला सिद्ध करण्याचं कर्तव्य, अशी ही वाटणी.

या वाटणीचं दुसरं टोक नॉर्थ कॅरोलायनातल्या कँप लेजून या मरीन सैनिकांच्या तळावर दिसतं. तिथे १९८०च्या सुमारास पाण्यातल्या ट्रायहॅलोमिथेनची तपासणी सुरू होती. ही क्लोरीनमुळे तयार होणारी रसायनं. यंत्रावर मात्र दुसरंच काहीतरी आडवं येत होतं. १९८१मध्ये प्रयोगशाळेतल्या माणसाने अहवालावर हाताने लिहून ठेवलं की पाणी इतर क्लोरीनयुक्त द्रावकांनी भयंकर दूषित आहे. मे १९८२मध्ये नळाच्या पाण्यात टीसीई लिटरला १,४०० मायक्रोग्रॅम निघालं. विहिरी बंद झाल्या त्या १९८४च्या अखेरीपासून १९८५च्या सुरुवातीपर्यंत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हातात असूनही त्यावर वर्षानुवर्षं कृती झाली नाही.

पुढे मात्र तिथे एक चांगलं काम झालं. तळाजवळच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून पीसीई मुरलं होतं. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने भूजलाचं गणिती प्रतिमान करून टारावा टेरेस या वसाहतीच्या नळाला नोव्हेंबर १९५७ ते फेब्रुवारी १९८७ या काळात महिन्यामागून महिना किती पीसीई आलं असेल, ते काढलं. मर्यादा ओलांडलेले महिने निघाले ३४६. वूबर्नच्या ज्यूरीकडून ज्याची अपेक्षा केली गेली, ते काम इथे सरकारी शास्त्रज्ञांनी केलं. आणि त्यातही आकड्यांसोबत त्यांची अनिश्चितता उघडपणे मांडली.

मग कायदाही बदलला. २०२२च्या कायद्यानुसार ऑगस्ट १९५३ ते डिसेंबर १९८७ या काळात तळावर किमान ३० दिवस राहिलेल्या माणसाला २०२४पर्यंत दावा करता येत होता, आणि त्याच्या आजाराला हे पाणी कारणीभूत असण्याची शक्यता निम्मी जरी असली तरी ते पुरेसं होतं. शंकेचा फायदा कोणाला द्यायचा, याचं उत्तर कायद्याने उलटं केलं. यासाठी चाळीस वर्षं लागली आणि आरोपी खुद्द सरकार होतं, हे लक्षात ठेवायला हवं. त्याच राज्यात ॲशव्हिल इथल्या लोकांच्या वाट्याला मात्र वेगळं आलं. एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याची जागा १९८७मध्ये विकली गेली, आपल्या विहिरींत टीसीई आहे हे शेजाऱ्यांना २००९मध्ये कळलं आणि २०१४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की राज्याची दहा वर्षांची मुदत केव्हाच संपली. बातमी त्या शेजाऱ्यांपर्यंत पोचायच्या आत कायदा घरी गेला होता.

‘स्वच्छ’ उद्योगांचाही इथे अपवाद नाही. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल, माउंटन व्ह्यू, सॅन होजे या गावांत आज हजारो मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या सांता क्लारा काउंटीत २३ सुपरफंड जागा आहेत, त्यांतल्या बऱ्याच चिप कारखान्यांच्या. धुराडं नाही, काजळी नाही, कामगार पांढऱ्या कपड्यांत. पण चिप धुवायला द्रावक लागतं आणि ते जमिनीखालच्या टाक्यांत साठवलेलं असतं. १९८१-८२मध्ये दक्षिण सॅन होजेतल्या फेअरचाइल्ड कंपनीच्या टाकीतून ते गळून शेजारच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत गेल्याचं उघड झालं, तेव्हा कुठे टाक्या कशा पुरायच्या याचे नियम आले.

उशिरा विचारलेल्या प्रश्नाची किंमत सफाईत दिसते. दूषित पाणी उपसायचं, शुद्ध करायचं, हा प्रघात. पण तळाशी साचलेलं द्रावक पुन्हा पुन्हा विरघळत राहतं. १९९४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा ७७ जागांचा आढावा घेतला, तर उद्दिष्ट गाठलेल्या फक्त ८ निघाल्या. वूबर्नच्या ‘जी’ आणि ‘एच’ विहिरींचं पाणी पुन्हा कोणी प्यायलं नाही.

हे सगळं आपल्या कामाचं आहे, कारण आपल्याकडे अजून पहिलाच प्रश्न धड विचारला गेलेला नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं राष्ट्रीय मानक, आयएस १०५००, ट्रायहॅलोमिथेनना मर्यादा घालतं. टीसीई-पीसीईला घालत नाही. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नेमाने मोजते. पातळी किती खाली गेली हा दुष्काळी राज्याचा स्वाभाविक प्रश्न आहे, पण पाण्यात काय मिसळलं हे त्यातून कळत नाही. आणि आपली जमीन वूबर्नसारखी वाळू-गोट्यांची नाही. राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा, पाणी वाहतं ते खडकाच्या भेगांतून. भेगेतून गेलेलं द्रावक पुढे कुठे निघेल ते नकाशावर उताराची रेघ ओढून सांगता येत नाही. तेव्हा नंतर शोधून काढू, हा आपल्याला तर अजिबात न परवडणारा मार्ग आहे.

मागण्या साध्या आहेत. औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याने कोणतं द्रावक किती आणलं, किती वापरलं, उरलेलं कुठे गेलं, याचा हिशेब जाहीर असावा. आवक आणि जावक यांत फरक असेल, तर तो कुठे गेला ते त्याने सांगावं. वसाहत आणि पिण्याच्या विहिरी यांच्यामध्ये निरीक्षण विहिरी असाव्यात, म्हणजे विष नळाला येण्याआधी तिथे सापडेल. त्या विहिरींचा आणि तपासणीचा खर्च द्रावक वापरणाऱ्याने द्यावा, नमुना मात्र त्याच्या माणसाने घेऊ नये. आकडे, आणि पंप कोणत्या महिन्यात किती चालला याच्या नोंदी, गावाला पाहता याव्यात आणि जपून ठेवल्या जाव्यात. यातली एकही गोष्ट कोणाला गुन्हेगार ठरवत नाही. प्रामाणिक कारखानदाराच्या तर त्या फायद्याच्याच आहेत; शेजाऱ्याचं पाप त्याच्या माथी येणार नाही.

आजार कशाने झाला हा प्रश्न काही वेळा कायमचा अनुत्तरित राहील, आणि ते मान्य करायला हवं. पण पाण्यात काय आहे, या प्रश्नाला अनुत्तरित राहण्याचं कारण नाही. तो विचारायला कोर्ट लागत नाही, ज्यूरी लागत नाही आणि कोणाचं मूल आजारी पडण्याची वाट पाहावी लागत नाही. नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग तो उद्या सकाळी विचारू शकतो.